बिऱ्हाड हलवताना: विंडोजवरून लिनक्सवर, गेमसकट

विंडोज सोडून लिनक्सकडे वळणाऱ्या बहुतेकांच्या पाठीमागे एक तारीख उभी असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. त्या दिवशी कुठलाही लॅपटॉप बंद पडला नाही, पडद्यावर काही बदललंही नाही. घरगुती ग्राहकांसाठी एका वर्षाची जादा मुदत जाहीर झाली होती, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढची पायरी विंडोज ११ आणि तिच्या दारावर अटी आहेत: टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट, आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह असलेला, रॅम वाढवलेला, एसएसडी बसवलेला, अजून धडधाकट असलेला लॅपटॉप या अटींत बसत नाही. तो मोडलेला नाही, यादीतून वगळलेला आहे.

ज्याला फक्त ईमेल, ब्राउझर आणि टायपिंग लागतं, त्याला लिनक्स घेताना फारसा विचार करावा लागत नाही. गेम खेळणाऱ्याचं तसं नाही. त्याच्या संगणकावर शंभर-शंभर जीबीचे गेम असतात, मित्रमंडळी ठरावीक गेमवरच भेटतात, आणि ते सगळे गेम विंडोजसाठी लिहिलेले असतात.

टेकडीच्या दोन बाजू

गेम खेळणाऱ्याची ही अडचण दिल्लीतल्या एका टेकडीवर नीट दिसते. दिल्लीत हिंदूराव म्हटलं की लोकांना रुग्णालय आठवतं. नाव मात्र कोल्हापूरजवळच्या कागलकर घाटग्यांपैकी एकाचं. हिंदूराव घाटगे हे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. रिज या टेकडीवरचा, रुग्णालयाच्या आवारातला बंगला विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने बांधला, १८३५ मध्ये त्याचा खून झाला, त्यानंतर हिंदूरावांनी तो घेतला. १८५७ च्या वेढ्यात इथे इंग्रजांचं ठाणं होतं. आता रुग्णालयाच्या फाटकासमोर ई-रिक्षांची रांग असते आणि उतारावर मलकागंज, पलीकडे कमलानगर, त्यापुढे दिल्ली विद्यापीठाचा परिसर. या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांतून विद्यार्थी राहतात. दहा बाय बाराची खोली, एक पलंग, एक टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि त्याखाली उष्णता बाहेर पडावी म्हणून ठेवलेली दोन जाड पुस्तकं. इंटरनेट बऱ्याचदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या ठरलेल्या जीबींच्या हिशोबात. अशा ठिकाणी एक गेम पुन्हा डाउनलोड करायची वेळ येणं हे महिन्याच्या मेसच्या बिलाइतकंच गंभीर असतं.

टेकडीच्या दुसऱ्या बाजूला सिव्हिल लाइन्स. तिथे राजपूर रोडवर २९ क्रमांकाच्या आवारात सीएसडीएस ही रजनी कोठारींनी १९६३ मध्ये उभी केलेली संशोधन संस्था आहे. २००० साली तिच्यात ‘सराय’ नावाचा उपक्रम सुरू झाला आणि दिल्लीत लिनक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर ही केवळ अभियंत्यांची बाब नाही, हे सरायने फार लवकर ओळखलं. मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना फेलोशिप, लिनक्सच्या पडद्यावरची हिंदी सुधारण्यासाठी भाषेच्या आणि संगणकाच्या माणसांना एका टेबलाशी बसवणं, ‘अंकुर’ संस्थेबरोबर वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘सायबरमोहल्ला’च्या प्रयोगशाळा, अशी कामं तिथून झाली. त्या काळी लिनक्सवर पत्ते होते, ‘टक्स रेसर’ मधला बर्फावरून घसरणारा पेंग्विन होता, ‘फ्रोझन बबल’ होता. मलकागंजच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक आणि व्हाइस सिटी खेळणाऱ्या पोराला त्यात रस वाटण्याचं कारणच नव्हतं. विचार टेकडीच्या एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला, अशी ती स्थिती बरीच वर्षं राहिली.

वकिलाचं काम

ही स्थिती बदलली ती एका दुकानदाराच्या भीतीमुळे. व्हॉल्व्ह ही कंपनी स्टीम नावाचं गेमचं ऑनलाइन दुकान चालवते. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचं दुकान पुढे आणलं, तेव्हा आपला सगळा धंदा दुसऱ्याच्या जागेवर आहे याची व्हॉल्व्हला जाणीव झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ बाजारात आली आणि पडली, कारण प्रत्येक गेम त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी वेगळा बनवावा अशी अपेक्षा होती आणि बहुतेक कंपन्यांना त्यात पैसा दिसला नाही. तीन वर्षांनी, २०१८ च्या ऑगस्टमध्ये, व्हॉल्व्हने उलटा मार्ग धरला: गेम विंडोजचाच राहू दे, मध्ये कोणीतरी बोलणारा बसवू. त्याचं नाव प्रोटॉन.

प्रोटॉनचा गाभा ‘वाइन’ आहे आणि वाइनवरचं काम १९९३ पासून चालू आहे. हे कसं चालतं ते समजायला दिल्लीतलंच जुनं उदाहरण उपयोगी पडतं. पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराण्यातली माणसं दिल्लीत असत. पुण्याहून येणारा मजकूर मराठी, दरबारची रीत फारसी. हिंगण्यांनी दिल्लीत दुसरं पुणं वसवलं नाही. इकडचं म्हणणं तिकडच्या रीतीत मांडलं आणि उत्तर परत धाडलं. गेमची एक्सी फाइल चालताना सतत मागण्या करते: ही फाइल उघड, एवढी मेमरी दे, कीबोर्डवर काय दाबलं ते सांग. या मागण्या विंडोजच्या रीतीत असतात. वाइन त्याच नावांची कार्यं पुरवतं आणि आतून लिनक्सकडे त्याच्या रीतीत मागणी करतं. प्रोसेसर दोन्हीकडे तोच असल्यामुळे गेमचं मुख्य गणित जसंच्या तसं चालतं. भाषांतर लागतं ते फक्त दरवाजाशी. म्हणूनच वाइनला एम्युलेटर म्हटलेलं त्याच्या कर्त्यांना आवडत नाही आणि तो नकार त्यांनी नावातच गुंफून ठेवला आहे.

चित्राचा भाग जास्त अवघड होता. विंडोजचे गेम डायरेक्ट-एक्समधून ग्राफिक्स कार्डाशी बोलतात आणि लिनक्सवर डायरेक्ट-एक्स नाही. डीएक्सव्हीके हा प्रकल्प डायरेक्ट-एक्सच्या आधीच्या आवृत्त्यांचं, आठ ते अकराचं, बोलणं लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कन या ग्राफिक्सच्या भाषेत आणतो; बारासाठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. डीएक्सव्हीके फिलिप रेबोले नावाच्या एका माणसाने सुरू केला, स्वतःला एक गेम लिनक्सवर नीट खेळायचा होता म्हणून. पुढे व्हॉल्व्हने त्याच्या कामाला पैसा पुरवला. २०२२ च्या फेब्रुवारीत हातात धरायचा स्टीम डेक आला. त्याच्या आत लिनक्सच असल्यामुळे प्रोटॉन नीट चालणं ही व्हॉल्व्हची हौस राहिली नाही, गरज झाली.

खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. स्टीम उघडायचं, गेम उतरवायचा, ‘प्ले’ दाबायचं. पहिल्या वेळी ‘व्हल्कन शेडर्स’वर प्रक्रिया चालल्याची पट्टी दिसते आणि जुन्या लॅपटॉपवर ती बराच वेळ खाते, गेम अडकला असं समजून ती बंद करू नये. एखादा गेम उघडलाच नाही, तर त्याच्या गुणधर्मांत ‘कम्पॅटिबिलिटी’खाली प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून पाहायची. बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

पहारेकरी ऐकत नाही

वकील कितीही हुशार असला तरी एका ठिकाणी तो अडतो. ऑनलाइन स्पर्धेचे गेम फसवणूक पकडण्यासाठी पहारेकरी ठेवतात, त्याला अँटी-चीट म्हणतात. भिंतीपलीकडचं दिसणं, आपोआप नेम लागणं, असले प्रकार तो शोधतो. चीट लिहिणारे खोलवर, थेट कर्नलमध्ये म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात शिरू लागले, तसे पहारेकरीही तिथे शिरले. रायट कंपनीच्या व्हॅलोरंट या गेममधला व्हॅनगार्ड विंडोज सुरू होतानाच आपली चौकी मांडतो आणि विंडोज ११ वर टीपीएम व सिक्युअर बूटही मागतो. वाइन देतं ती विंडोजची कार्यं; विंडोजचं कर्नल त्याच्याकडे नाही. त्यामुळे व्हॅनगार्डला उभं राहायला जागाच मिळत नाही. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. २०२४ मध्ये लीग ऑफ लेजेंड्सला व्हॅनगार्ड लागला आणि तोवर वाइनवर सुखाने चाललेला तो गेमही गेला.

सगळे पहारेकरी इतके हट्टी नाहीत. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे प्रत्येक गेमच्या कंपनीच्या हातात ठेवलं. त्यामुळे एकच पहारेकरी एका गेममध्ये आत सोडतो, दुसऱ्यात अडवतो. शिवाय दिलेली परवानगी काढूनही घेतली जाते. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालत होता. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस कंपनीने दार लावलं, चीट करणारे लिनक्सचा आडोसा घेतात असं कारण देऊन. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लागला आणि लिनक्सवरून ऑनलाइन खेळणं बंद झालं. एकट्याने खेळायची कथा मात्र चालू राहिली. फोर्टनाइट बाहेरच आहे. कंपन्यांचा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही: ज्याचं कर्नल कोणीही बदलून पुन्हा बांधू शकतो, त्यावर पहारा ठेवणं खरोखर कठीण. पण फसवणुकीचा मोठा बाजार विंडोजवरच भरतो, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या बाजूला काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम लिनक्ससाठीच बनवलेले आहेत, त्यांना प्रोटॉनही लागत नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती सरळ चालते. एकट्याने खेळायच्या कथाप्रधान गेमपैकी बहुसंख्य चालतात. बीजीएमआय हा मोबाइलचा खेळ, त्याचा या स्थलांतराशी संबंध नाही. तो फोनवर होता, फोनवरच राहतो.

यावरून पहिलं काम ठरतं आणि ते संगणकाला हात न लावता करायचं असतं. गेल्या सहा महिन्यांत खरोखर खेळलेले गेम एका कागदावर लिहावेत, ‘कधीतरी खेळू’वाले नव्हेत. मग प्रत्येकाची स्थिती प्रोटॉनडीबीवर पाहावी. तिथे खेळणारेच आपल्या मशीनसकट अनुभव नोंदवतात आणि गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा ‘बोर्क्ड’ म्हणजे मोडका असा दर्जा मिळतो. नोंद ताजी आहे का हे बघणं महत्त्वाचं, कारण वर सांगितल्याप्रमाणे दारं लागतात आणि उघडतात. यादीत व्हॅलोरंट असेल आणि रोजच्या पाच जणांच्या टोळीत आपण पाचवे असू, तर विंडोज पूर्ण सोडण्याची घाई करू नये. लिनक्सवर प्रेम असणारे मित्र हे सांगताना कचरतात आणि नवशिक्याचा पहिला महिना त्यामुळे फुकट जातो.

नेहरू प्लेसची फेरी

गेमची यादी झाली की यंत्राकडे वळायचं, आणि त्यासाठी दिल्लीत संगणकांचा बाजार म्हणजे नेहरू प्लेस. हिंदूरावहून पुलबंगश मेट्रो स्थानक जवळ. तिथून लाल मार्गाने कश्मीरी गेट, तिथे बदलून जांभळ्या मार्गाने नेहरू प्लेस. कंपन्यांनी लीज संपल्यावर काढलेले लॅपटॉप, सुटी रॅम, एसएसडी, अडॅप्टर, बिजागऱ्या, सगळं या चौकात आणि त्याच्या भोवतीच्या इमारतींत मिळतं. पायवाटेवर गिऱ्हाइकाला हाका मारून विचारलं जातं, ‘सॉफ्टवेअर, अँटीव्हायरस?’ विंडोज ‘टाकून देणं’ ही इथली किरकोळ सेवा आहे. तिच्यात परवान्याचा प्रश्न सहसा कोणी काढत नाही.

लिनक्सकडे जाणाऱ्याने इथे तीन गोष्टी पाहाव्यात. ग्राफिक्स एएमडीचं असेल तर ड्रायव्हर लिनक्समध्येच आलेला असतो, वेगळं काही करावं लागत नाही. एनव्हिडियाचं असेल तर कंपनीचा ड्रायव्हर स्वतंत्र बसवावा लागतो. मिंट या लिनक्सच्या प्रकारात ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ते दोन क्लिकचं काम आहे, उबुंटू या प्रकारातही तशी सोय आहे. मात्र जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेसाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा, असं एनव्हिडियाने सांगून ठेवलं आहे. स्वस्तात मिळणारा जीटीएक्स १०५० वाला लॅपटॉप घेताना हे ध्यानात हवं. १६५० मात्र पुढच्या पिढीचा आहे. (लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठात भर सभेत एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. त्यानंतर संबंध बरेच सुधारले आहेत.) दुसरी गोष्ट वायफायची चिप: काही स्वस्त चिपा लिनक्सला लगेच ओळखता येत नाहीत. तेव्हा फोन यूएसबीने जोडून ‘टेदरिंग’ चालू करावं, नेट मिळतं आणि ड्रायव्हर उतरवता येतो. तिसरी आणि सर्वांत उपयोगाची खरेदी म्हणजे दुसरी एसएसडी. विंडोज एका डिस्कवर आणि लिनक्स दुसऱ्या डिस्कवर असलं की दोघांचं भांडण सहसा होत नाही. तरी सावध राहावं, कारण एकाच यंत्रावर दोन्ही ठेवणाऱ्यांना २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अपडेटने धडा दिला: अनेकांचं लिनक्स सुरूच होईना.

पेन ड्राइव्हवरची रात्र

बसवण्याआधी वापरून पाहता येतं, ही सोय विंडोजवाल्यांना खरी वाटत नाही. मिंटची साधारण तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवायची, रूफस किंवा एचर या साधनाने आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवायची, लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबायचं, हे कंपनीनुसार बदलतं. पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स उघडतं, आतल्या डिस्कला हात लागत नाही. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, टचपॅड, ब्लूटूथ, झाकण मिटल्यावर झोपणं, हे सगळं तपासावं. एक अख्खी संध्याकाळ यात घालवली तर पुढचे चार दिवस वाचतात.

बसवताना चुका ठरलेल्या असतात. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल आणि त्याची रिकव्हरी की लिहून ठेवली नसेल, तर विंडोज स्वतःच्याच मालकाला ओळखत नाही. म्हणून की आधी कागदावर उतरवावी. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं, नाहीतर ते डिस्क अर्धवट मिटलेल्या अवस्थेत ठेवतं आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. जागा कमी करायची ती विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून. फोटो, प्रकल्प, गेमचे सेव्ह आधी दुसरीकडे काढून घ्यावेत. सेव्ह क्लाउडवर असतीलच असं गृहीत धरू नये.

कुठलं लिनक्स, या प्रश्नावर मित्रांमध्ये तासन्‌तास वाद चालतो आणि नवशिक्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. जुना लॅपटॉप असेल तर मिंट, कारण त्याचं रूप विंडोजसारखं आहे आणि अडचणींची उत्तरं सहज सापडतात. एएमडीचा डेस्कटॉप आणि मुख्य काम गेमच, तर बझाइट. त्यात स्टीम आणि ड्रायव्हर आधीच बसवलेले असतात आणि मूळ व्यवस्था सहज बिघडवता येत नाही. उबुंटू घेतल्यास स्टीम ‘स्नॅप’मधून घेऊ नये, व्हॉल्व्हच्या संकेतस्थळावरचं पॅकेज घ्यावं. आर्चचं नाव घेणाऱ्या मित्राचं कौतुक करून विषय बदलावा.

आता हॉटस्पॉटवाल्यांचा प्रश्न. विंडोजच्या डिस्कवर गेम आधीच आहे, तर पुन्हा का उतरवायचा? लिनक्स ती डिस्क वाचतं, त्यामुळे गेम तिथूनच चालवण्याचा मोह होतो आणि इथेच बरेच जण फसतात. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं विंडोजसदृश घर बांधतं. त्या घरात ‘सी:’ अशा नावाच्या खुणा असतात, आणि विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर नावात विसर्गासारखे ते दोन ठिपके चालत नाहीत. मग गेम सुरू होत नाही, कधी डिस्कवर गडबडही होते. बरोबर मार्ग असा की स्टीमचं नवं फोल्डर लिनक्सच्या ईएक्सटी४ भागावर तयार करायचं, जुन्या डिस्कवरच्या ‘स्टीमअ‍ॅप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरातला गेम नव्या ‘कॉमन’मध्ये नकलून घ्यायचा आणि स्टीमवर ‘इन्स्टॉल’ दाबायचं. स्टीम आहे त्या फाइल तपासतं आणि कमी असेल तेवढंच मागवतं. ऐंशी जीबीऐवजी काही शे एमबीत काम भागतं.

स्टीमबाहेरचं

एपिक आणि जीओजीवर घेतलेले गेम ‘हिरोइक’मधून चालवता येतात, इतर बऱ्याच गोष्टी ‘लुट्रिस’मधून. नवा गेम घेताना स्टीमचा परताव्याचा नियम कामी येतो: खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. दुकानात २०१५ च्या नोव्हेंबरपासून रुपयांत किमती आहेत. विद्यार्थ्याने क्रॅक सोडून विकतचा गेम घ्यावा असं वाटू लागलं, त्याला ते एक मोठं कारण.

क्रॅक केलेल्या ‘रिपॅक’बद्दल एक समज मात्र घातक आहे. लिनक्सवर व्हायरस येत नाहीत, म्हणून काहीही वाइनमध्ये चालवावं, असं सांगितलं जातं. नुसत्या वाइनमध्ये ‘झेड’ नावाची एक ड्राइव्ह असते आणि ती थेट लिनक्सच्या फाइलींकडे उघडते. विंडोजची घातक एक्सी तिथून घरच्या फोल्डरातली कागदपत्रं वाचू शकते, कुलूपबंदही करू शकते. वकील प्रामाणिक आहे, पण तो अशिलाचा स्वभाव तपासत नाही.

जुन्या गेमचं भाग्य उलट उजळतं. प्रोजेक्ट आयजीआय, एज ऑफ एम्पायर्स, जुना नीड फॉर स्पीड, सायबर कॅफेच्या पिढीने तासाच्या भाड्याने खेळलेले हे गेम नव्या विंडोजवर कधीकधी रंग बिघडवतात किंवा उघडतच नाहीत. जुन्या डायरेक्ट-एक्सचं भाषांतर वाइन आणि डीएक्सव्हीके इतकं नीट करतात की त्यातले पुष्कळ लिनक्सवर जास्त शांतपणे चालतात. सहाव्या पिढीच्या, स्वतंत्र ग्राफिक्स नसलेल्या लॅपटॉपलाही ते पेलतात.

मराठीची सोय

खोलीवरचा लॅपटॉप गेमपुरता नसतो. त्यावर घरी पत्रही लिहायचं असतं. लिनक्सवर मराठी टायपिंग आधीपासूनच आहे: सेटिंगमध्ये भाषा वाढवून इन्स्क्रिप्ट कळपाट घ्यावा किंवा आयबस या टायपिंगच्या सोयीतून उच्चाराप्रमाणे टाइप करायची पद्धत. पडद्यावरच्या मराठीसाठी मुंबईतल्या इंडलिनक्सपासून रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींपर्यंत अनेकांनी काम केलं. रेड हॅटने मोकळा केलेला ‘लोहित’ फाँट त्यातलाच. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या टोपीचा रंग. भाषा मराठी निवडली की त्यातले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. अडचण येते ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम करणाऱ्यांना. ती सॉफ्टवेअर विंडोजसाठीची आहेत आणि छापखान्याला फाइल त्याच रूपात हवी असते. ज्याच्या घरी असं काम चालतं, त्याने ती एक जुनी डिस्क विंडोजसकट तशीच राहू द्यावी. व्हॅलोरंटही तिथेच खेळता येतो.